दहा इंजिनांचं ओझं

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. विमानांचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: पाण्यापासून जेमतेम काही मीटर उंचीवरून सुसाट जाणारी अवाढव्य यंत्रं रशियनांनी साठ वर्षांपूर्वी उडवली, मग ही यंत्रं, म्हणजे एक्रानोप्लान, आज कुठेच का दिसत नाहीत?

कल्पना खोटी नव्हती. पंखांच्या टोकांशी हवेचे भोवरे तयार होतात आणि ते विमानाला मागे ओढतात. पंख पाण्याच्या अगदी जवळ असला की त्या भोवऱ्यांना पसरायला जागा मिळत नाही, ओढ कमी होते आणि पंखाखालचा दाबही वाढतो. याला म्हणतात ग्राउंड इफेक्ट. याच जोरावर सोव्हिएत अभियंते रोस्तिस्लाव अलेक्सेयेव यांनी ‘केएम’ नावाचं एक्रानोप्लान बांधलं. लांबी सुमारे ९२ मीटर, वजन ५०० टनांहून जास्त. १९६६ साली ते कास्पियन समुद्रावर उडालं.

आता त्याची इंजिनं मोजा. दहा! आठ पुढच्या बाजूला, दोन शेपटावर. एवढं धूड पाण्यातून सुटून वर यायचं तर पाणी त्याला सहजी सोडत नाही. तिथे दहाच्या दहा इंजिनं लागायची. एकदा वर आलं की शेपटावरची दोन पुरायची आणि बाकीची आठ प्रवासभर नुसती वाहून न्यायची. पंखाने जे वाचवलं ते उड्डाणाच्या पहिल्या टप्प्याने खाल्लं. माझ्या मते खरी गोम इथेच आहे.

बाकीच्या अडचणीही होत्याच. वळताना विमान एका अंगावर कलतं. इथे कलायला जागा नाही, म्हणून वळण फार मोठं घ्यावं लागतं. समुद्र खवळला की उड्डाणच अवघड, आणि खारं पाणी इंजिनांना पोखरतं ते वेगळंच.

अलेक्सेयेव यांच्याबद्दल मला फार आदर आहे. सत्तरच्या दशकात ‘ऑर्ल्योनोक’ या त्यांच्या दुसऱ्या एक्रानोप्लानच्या चाचणीत शेपटाचा भाग तुटून पडला. ते स्वतः आत होते. त्यांनी नियंत्रण हातात घेतलं, नाकातल्या इंजिनांना पूर्ण जोर दिला आणि उरलेलं यान पाण्यावरून घसटत किनाऱ्याला आणलं. माणसं वाचली, पण अलेक्सेयेव यांचं मुख्य रचनाकाराचं पद मात्र गेलं. १९८० मध्ये ते वारले. त्याच वर्षी ‘केएम’ही अपघातात बुडालं. क्षेपणास्त्रं वाहणारं ‘लुन’ पुढे नौदलात आलं, तेही एकच. या यंत्रांना गिऱ्हाईक एकच, सोव्हिएत लष्कर. सोव्हिएत संघ कोसळला आणि पैसाच आटला.

अलेक्सेयेव मुळात हायड्रोफॉइल बोटींचे माहीर होते. १९५७ ची ‘राकेता’ त्यांचीच. पाण्याखालच्या छोट्या पंखांवर बोट उचलली जाते आणि पाण्याची ओढ एकदम घटते. अमेरिकेतली रीजंट कंपनी सध्या हेच दोन धागे जोडू पाहतेय: आधी हायड्रोफॉइलवर वर यायचं, मग हवेतल्या पंखावर. ते जमलं तर वर येण्यापुरत्या लागणाऱ्या जादा इंजिनांचा प्रश्न बराच सुटेल. लाटांचा आणि वळणाचा तरीही उरेल.