1962 सालचं नवंकोरं घड्याळ

सेटवर ‘पिरियड’, म्हणजे जुन्या काळातली गोष्ट, हा शब्द निघाला की बहुतेकांना तपकिरी रंग आठवतो. भिंती पिवळट, फ्रेमा काळवंडलेल्या, पितळेवर हिरवट डाग. मी आर्ट डिपार्टमेंटमध्ये सेट ड्रेसिंग बघते आणि या तपकिरी रोगाशी माझं जुनं भांडण आहे. 1962 सालच्या माणसाला आपण जुन्या काळात राहतोय हे ठाऊक नसतं. त्याच्याकडे आजीचं कपाट असेल, पण गेल्या वर्षी घेतलेला रेडिओही असतो, आणि तो चकाकत असतो.

मालिकेतलं पात्र होतं एक तरुण आर्किटेक्ट. मरीन ड्राइव्हवरचा त्याचा फ्लॅट आम्ही गोरेगावच्या स्टुडिओत उभारला होता. डायनिंग टेबलामागच्या भिंतीवर दिग्दर्शकाला ‘बॉल क्लॉक’ हवं होतं. मधोमध छोटा गोल, त्यातून निघालेल्या बारा कांड्या आणि प्रत्येक कांडीच्या टोकाला रंगीत गोळा. आकडे नाहीत. अमेरिकन डिझायनर जॉर्ज नेल्सनच्या न्यूयॉर्कमधल्या ऑफिसात 1940 च्या दशकाच्या अखेरीस हे घड्याळ जन्मलं आणि मिशिगनच्या हॉवर्ड मिलर कंपनीने ते बाजारात आणलं. नाव नेल्सनचं झालं, पण डिझाइनचं श्रेय आता बऱ्याचदा त्याच्या ऑफिसातल्या आयर्विंग हार्परला देतात. खुद्द नेल्सन सांगायचा की एका संध्याकाळी हार्पर, शिल्पकार इसामू नोगुची, आर्किटेक्ट-संशोधक बकमिन्स्टर फुलर आणि तो असे पीत बसले होते, एकमेकांच्या हातातला कागद ओढून रेघोट्या मारत होते आणि सकाळी त्या कागदावर हे घड्याळ सापडलं. कोणी काढलं ते कोणालाच आठवेना.

मुंबईच्या आर्किटेक्टकडे हे कुठून येणार, असं लेखकाने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण 1959 साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने निवडलेल्या अमेरिकन आणि युरोपीय वस्तूंचं प्रदर्शन भारतात फिरलं होतं, आणि पुढे त्या वस्तू अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेकडे गेल्या. आमच्या आर्किटेक्टने ते प्रदर्शन पाहिलं आणि अमेरिकेत शिकणाऱ्या मित्राकडून घड्याळ मागवून घेतलं, एवढी गोष्ट मला पुरेशी होती. एकच गोम. तिकडची ही घड्याळं बहुतेक भिंतीतल्या विजेवर चालायची आणि त्यांच्या मोटरचा वेग तिथल्या, सेकंदाला 60 सायकलच्या विजेशी बांधलेला. आपल्याकडे 50. व्होल्टेजची सोय ट्रान्सफॉर्मर लावून करता येते, सायकलची नाही. म्हणजे ते घड्याळ मुंबईत तासाला दहा मिनिटं मागे पडलं असतं. लेखकाला हे इतकं आवडलं की त्याने नायिकेच्या तोंडी त्यावर एक टोमणा टाकला.

अस्सल जुनं घड्याळ बजेटबाहेर. व्हिट्रा कंपनीची अधिकृत नवी प्रतही भिंतीवरच्या एका वस्तूसाठी महागच. मग ऑनलाइन साडेतीन हजारांची नक्कल मागवली. ती आली शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी.

खोका उघडला आणि पेंटरकाका हसायलाच लागले. “ताई, हे मखराला लावा. गणपतीत चालेल.” कांड्या लग्नातल्या खोट्या दागिन्यांसारख्या सोनेरी. चुंबक लावला तर टपकन चिकटला, म्हणजे लोखंडावर मुलामा. गोळे लाकडी होते, पण रंगाचे ओघळ तसेच वाळलेले. सात वाजण्याच्या जागचा गोळा खाली झुकलेला, कारण त्याचं भोकच तिरकं पाडलं होतं. आणि सगळ्यात कहर म्हणजे मधल्या चकतीवर बारीक अक्षरांत छापलेलं ‘क्वार्ट्ज’. सेकोचं पहिलं क्वार्ट्ज मनगटी घड्याळ बाजारात आलं 1969 च्या डिसेंबरात. आमचा आर्किटेक्ट त्याच्या सात वर्षं आधी जेवायला बसणार होता.

दिग्दर्शक चक्कर मारायला आला आणि घड्याळ हातात घेऊन म्हणाला, “थोडं जुनं कर ना. कालच घेतल्यासारखं दिसतंय.”

“बासष्ट साली ते कालच घेतलेलं आहे,” मी म्हटलं.

तो थांबला. बाजूला डीओपी, म्हणजे मुख्य कॅमेरामन, उभा होता, त्याला पटलं. त्याला चमक नको होती, डाग नकोच होते. अशा वेळी डीओपी आपल्या बाजूने असला की अर्धं काम झालं.

मग काम ठरलं ते असं की घड्याळ जुनं करायचं नाही, नीट करायचं. नक्कल विकत घेताना लोक रंग बघतात, आकार बघतात. डोळ्याला खटकतं ते मात्र भलतंच काहीतरी असतं, आणि इथे ते कोनांत होतं. प्लायच्या तुकड्यावर वर्तुळ काढलं, तीस-तीस अंशांवर बारा रेघा मारल्या आणि घड्याळ त्यावर पालथं ठेवलं. पाच कांड्या रेघेवरून घसरलेल्या. पक्कडीला कापड गुंडाळून त्या हळूहळू वळवल्या. सातचा गोळा काढून काकांनी त्याचं भोक काडेपेटीच्या काड्या आणि फेविकॉलने बुजवलं, वाळल्यावर सरळ पाडलं.

‘क्वार्ट्ज’ ब्रासोने, म्हणजे पितळ चमकवायच्या पॉलिशने गेलं. कापसाच्या बोळ्यावर थेंबभर घेऊन गोल गोल घासत राहायचं. जोर लावला तर खालचा मुलामाही जातो, म्हणून ते मी कोणाला करू दिलं नाही.

गोळ्यांना आधी 320 चा पॉलिश पेपर, मग 600 चा. ओघळ बसल्यावर सरफेसर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, आणि त्यावर लवकर वाळणाऱ्या एनसी पेंटचे पातळ हात. रंगांवरून वाद झाला. नकलेतला लाल अगदी फायर ब्रिगेडचा होता. काकांनी त्यात चिमूटभर पिवळा आणि अगदी नावाला काळा टाकला, तेव्हा तो डोळ्याला टोचायचा थांबला. चमकही पूर्ण मारली नाही, नव्या रंगाला असते तेवढी ठेवली. कांड्यांवर मॅट लॅकरमध्ये जरासा वॉलनट स्टेन मिसळून फवारला, तेव्हा सोन्याचं पितळ झालं. उलटं ऐकलं होतं, पण आमच्या धंद्यात हेच प्रमोशन.

खरी गंमत दुसऱ्या दिवशी. सिंक साऊंड होता, म्हणजे आवाज शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड होणार, आणि साऊंडवाल्याने हेडफोन लावताच हात वर केला. टिक टिक. क्वार्ट्जचं मशीन दर सेकंदाला ठोका देतं, विजेवरचं मूळ घड्याळ असं टिकटिकतच नाही. सेल काढला. एरवीही सेटवरची घड्याळं बंदच असतात, नाहीतर एकाच सीनमध्ये ती चार वेगवेगळ्या वेळा दाखवतात. पण या सीनमध्ये नायिका नवऱ्याची वाट बघत बसलेली, कॅमेरा तिच्यावरून दाराकडे जातो, परत येतो आणि मागचं घड्याळ पावणेनऊवरून नऊ वीसवर गेलेलं. एकाच शॉटमध्ये, कट नाही. व्हीएफएक्सचा खर्च प्रॉडक्शनला नको होता.

भिंत प्लायचीच. घड्याळामागे दोन बोटं जातील एवढं भोक पाडलं आणि मी मागच्या अंधारात स्टुलावर बसले. मशीनच्या पाठीवरचं चाक माझ्या बोटांत. समोरचं काही दिसत नाही, बोलायची सोय नाही. कॅमेरा दाराकडे वळला की असिस्टंटने फटीतून टॉर्चचा झोत मारायचा, एवढाच इशारा. चाकावर मार्करने खूण करून किती फिरवलं की काटा कुठे येतो ते रिहर्सलमध्ये पाठ केलं.

काटा तरीही चुकत होता, दर वेळी थोडा पुढेच. कारण सापडायला वेळ लागला. अशा स्वस्त मशीनच्या दात्यांत ढिलाई असते. मिनिटकाटा नऊकडून बाराकडे चढताना वजनाने मागे रेलतो आणि बारा ओलांडले की त्याच वजनाने पुढे कलंडतो. दोनेक मिनिटांचा फरक. म्हणजे वीसवर थांबवायचा तर चाक अठरावर सोडायचं. हे कळल्यावर टेक लागला. भिंतीपलीकडून “ओके!” ऐकू आलं तेव्हा माझ्या बोटांना मुंग्या आल्या होत्या.

पॅकअपच्या वेळी प्रॉडक्शनचा पोरगा खोका घेऊन हजर. “मॅडम, घड्याळ रिटर्नला टाकू ना? अजून मुदत आहे.” मी त्याला नवे गोळे, गायब झालेलं ‘क्वार्ट्ज’ आणि पाठीवर काळ्या मार्करने रंगवलेलं चाक दाखवलं. तरी तो म्हणाला, “बिल तर आहे ना?”