इंजिनातले तेल कुठे राहते?

लहान पेट्रोल इंजिनांविषयी बोलणे निघाले की पहिला प्रश्न ‘टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक?’ हाच असतो, म्हणजे कामाचे एक चक्र पिस्टनच्या दोन फेऱ्यांत पूर्ण होते की चार. मात्र बरीच इंजिने उघडून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, पिस्टनचे फेरे मोजण्याआधी वंगणाचे तेल कुठे ठेवले आहे हे पाहावे. बाकीची रचना त्यातूनच उलगडत जाते.

निकोलाउस ऑटो यांनी १८७६ साली यशस्वी केलेल्या फोर-स्ट्रोक पद्धतीत शोषण, दाब, ज्वलन आणि उत्सर्जन ही चारही कामे पिस्टनच्या वरच्या बाजूला होतात. खालचा क्रँककेस, म्हणजे क्रँकशाफ्ट (इंजिनाचा फिरता दांडा) जिच्यात असतो ती बंद पेटी, मोकळा राहतो, म्हणून तेल तिथे साठवता येते. अनेक लहान इंजिनांत तेलाचा पंपही नसतो. पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाला असलेला चमच्यासारखा तुकडा क्रँकशाफ्टच्या दर फेऱ्याला तेलात बुडतो आणि ते सर्वत्र उडवतो. ही सोपी युक्ती मला फार आवडते, पण तिची अट कडक आहे: इंजिन जवळपास सपाट राहिले पाहिजे. ते फार कलले तर चमच्याला तेल मिळत नाही, आणि गवत कापायचे यंत्र चुकीच्या कुशीवर आडवे केले तर तेच तेल कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) आणि एअर फिल्टरपर्यंत पोहोचते.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेसला दुसरेच काम असते. इंग्लंडमधील जोसेफ डे यांनी १८९१ साली पेटंट घेतलेल्या रचनेत पिस्टन वर जाताना हवा-पेट्रोलचे ताजे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि खाली येताना तिथेच दाबले जाऊन बाजूच्या मार्गाने सिलिंडरमध्ये शिरते. पिस्टनच्या खालची जागाच पंप झाल्यावर तिथे तेल साठवणार कसे? म्हणून ते पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. आजच्या अनेक यंत्रांत हे प्रमाण पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल असे असते. एकदा माझ्या हातून अशा इंजिनात नुसते पेट्रोल भरले गेले. थोड्याच वेळात पिस्टन जाम झाला, आणि उघडल्यावर सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे दिसले. वंगणाचा दुसरा कोणताही साठा तिथे नसतो, याचा अर्थ मला त्या दिवशी नीट समजला.

फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत एकदा होणारा स्फोट इथे प्रत्येक फेऱ्याला होत असला तरी टू-स्ट्रोकची शक्ती दुप्पट होत नाही, कारण जळलेला वायू बाहेर ढकलताना ताज्या मिश्रणाचा काही भागही निसटतो. धूर आणि जास्त इंधनखर्च यांचे मूळ बरेचसे इथेच आहे. तरीही साखळी-करवतीसारख्या यंत्रात हे इंजिन टिकून आहे, कारण ते हलके आहे आणि आडवे किंवा उलटे धरले तरी वंगण थांबत नाही. फ्लोट (इंधनाची पातळी राखणारा तरंगता तुकडा) असलेला कार्ब्युरेटर मात्र अशा वेळी चालत नाही, म्हणून तिथे लवचीक पडद्याचा कार्ब्युरेटर बसवतात. त्यातला इंधनाचा पडदा-पंप क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावरच हलतो. एकाच पोकळीकडून किती कामे करून घेतली आहेत, हे पाहून मला आजही आनंद होतो.

अलीकडची हातात धरायची काही फोर-स्ट्रोक इंजिने या दोन्हींच्या मधली आहेत. काहींत तेलाची स्वतंत्र टाकी असते आणि फिरत्या पात्यांनी तेलाचे धुके करून ते व्हॉल्व्हपर्यंत, म्हणजे सिलिंडरच्या वाटा उघडबंद करणाऱ्या झडपांपर्यंत, पोहोचवले जाते. काहींत व्हॉल्व्ह असूनही तेल पेट्रोलमध्येच मिसळायचे असते. त्यामुळे ‘फोर-स्ट्रोक म्हणजे साधे पेट्रोल’ हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम पुरेसा नाही. अनोळखी यंत्र सुरू करण्यापूर्वी मी टाकीच्या झाकणावरची खूण वाचतो, तेल भरण्याचे वेगळे झाकण शोधतो, आणि ते सापडले नाही तर माहितीपुस्तिका पाहिल्याशिवाय इंधन भरत नाही.