आमची वाटचाल : कुंडईच्या गाळ्यातली प्रयोगशाळा

पाणी आणि हवा तपासणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात आधी काय आलं असेल तर कडाप्प्याची जाड फरशी. मास्तरांनी ती गोव्यातल्या कुंडईच्या गाळ्यात एका कोपऱ्यात विटांच्या दोन खांबांवर बसवून घेतली. भिंतीला कुठेही टेकू दिली नाही, कारण रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की भिंत थरथरते आणि बॅलन्सचा, म्हणजे नाजूक तराजूचा, चौथा दशांश जागेवर राहत नाही. त्या फरशीवर बॅलन्स चढला, त्याच्या शेजारी ओलावा शोषणारा डेसिकेटर, मग ओव्हन, मग बीओडी इनक्युबेटर. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. आज आमच्याकडे बरीच महागडी यंत्रं आहेत, पण नव्याने लॅब काढणारी मुलं भेटायला येतात तेव्हा मी त्यांना आधी ती फरशी दाखवते. बॅलन्स पक्का नसेल तर पुढच्या यंत्राला घातलेले लाखो रुपये पाण्यात गेले म्हणून समजा.

मास्तर म्हणजे माझे सुरुवातीचे भागीदार. त्यांचं आयुष्य एका खाण कंपनीच्या लॅबमध्ये गेलं. मीही तिथेच त्यांच्या हाताखाली शिकले. लोहखनिजाच्या धंद्यात आकडा म्हणजे पैसा. बार्जमधून माल मुरगावला जायचा, जहाज भरताना नमुना काढायचा, त्याचे भाग करायचे. एक विकणाऱ्याचा, एक घेणाऱ्याचा आणि एक सीलबंद. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तो तिसरा भाग निवाडा देणाऱ्या त्रयस्थ, म्हणजे अंपायर लॅबकडे जायचा. लोहाचं प्रमाण थोडं घसरलं तरी दर तुटायचा, त्यामुळे ब्युरेटसमोर उभा असलेला माणूस डुलकी घेऊच शकत नसे.

पाण्याच्या नमुन्याला असा अंपायर नाही. बीओडीचा नमुना सीलबंद करून महिनाभर कपाटात ठेवता येत नाही. बर्फात ठेवूनही चोवीस तासांच्या आत तो लावावा लागतो. उद्या कुणी शंका घेतली तर तेच पाणी पुन्हा तपासायला मिळणार नाही, नदी केव्हाच पुढे गेलेली असते. म्हणून मास्तरांनी पहिल्या दिवसापासून ठरवलं की अंपायर लॅबच्या आतच बसवायचा. प्रत्येक बॅचला ब्लँक (नमुन्याशिवायची कोरी चाचणी), दर दहा नमुन्यांमागे एक डुप्लिकेट (तोच नमुना दुसऱ्यांदा), एक स्पाइक (माहीत असलेलं प्रमाण मुद्दाम घातलेला नमुना), आणि बीओडीला ग्लुकोज-ग्लुटामिक ॲसिडच्या ठरलेल्या द्रावणाची तपासणी. नमुना पातळ करायच्या पाण्याच्या ब्लँकमध्ये विरघळलेला ऑक्सिजन लिटरला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त उतरला तर पूर्ण बॅचवर फुली. भिंतीवर प्रत्येक घटकाचा कंट्रोल चार्ट, म्हणजे या तपासण्यांचे आकडे सरासरीपासून किती ढळतात त्याचा आलेख. दोन सिग्माच्या (प्रमाणित विचलनाच्या) बाहेर बिंदू गेला की सगळ्यांनी बघायचं, तीनच्या बाहेर गेला की काम थांबवायचं. पार्टी दारात उभी असली तरी थांबायचं.

खाणी जोरात होत्या त्या वर्षांबद्दल फार लिहीत नाही. काम भरपूर होतं. डिचोली, साखळी, धारबांदोडा, सावर्डे, सगळीकडे हवा आणि पाणी. त्यातली एक गोष्ट मात्र सांगते, कारण ती गोव्याबाहेरच्या लोकांना पटत नाही.

हवेतली धूळ मोजायला ८ बाय १० इंचांचा ग्लास फायबरचा कागद वापरतो. आधी वजन, मग सॅम्पलरवर आठ तास, मग पुन्हा वजन. मिनिटाला १.१ घनमीटर धरली तर आठ तासांत ५२८ घनमीटर हवा त्यातून जाते. आता जुलैमध्ये आपल्याकडे काय दमट हवा असते ते सांगायला नको. कागदाने नुसता पाच मिलिग्रॅम ओलावा धरला तरी अहवालात घनमीटरमागे साडेनऊ मायक्रोग्रॅम धूळ फुकटची वाढते. चोवीस तासांच्या पीएम १० ची (बारीक धुळीची) मर्यादा १०० आहे, त्यात साडेनऊ म्हणजे थोडेथोडके नव्हेत. म्हणून कागद आर्द्रता पन्नासच्या आत असलेल्या खोलीत पूर्ण दिवस ठेवायचा आणि प्रत्येक खेपेला एक कोरा कागद सगळ्या प्रवासात सोबत फिरवून आणायचा. त्या कोऱ्या कागदाचं वजन बदललं असेल तर बाकीचे कागद काय सांगतात यावर विश्वास ठेवायचा नाही. आमच्याकडे त्या खोलीचा एसी आणि डीह्युमिडिफायर पावसाळाभर बंद होत नाही. विजेचं बिल बघून माझे यजमान कपाळाला हात लावायचे.

मग आलं २०१२. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणकाम स्थगित केलं. ऑक्टोबरच्या ५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. सप्टेंबरची स्थगिती आली तेव्हा चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर होती. आमच्याकडे त्या आठवड्यात धुळीचे कागद कंडिशनिंगला लावलेले होते, ते तसेच राहिले. खाणी बंद म्हणजे ट्रक बंद, बार्ज बंद, आणि जिथे धूळच नाही तिथे ती मोजायला कोण पैसे देणार? महिन्याला येणारी कामं एकेक करून थांबली. त्याहून वाईट म्हणजे झालेल्या कामाची बिलं अडकली. दोन खाण कंपन्यांकडची रक्कम इतकी मोठी होती की तेवढ्यात आमचं एएएसचं, म्हणजे धातू मोजायच्या यंत्राचं, कर्ज फिटलं असतं. त्यांचे अकाउंट्सवाले फोनवर चांगलं बोलायचे. पैसे मात्र आले नाहीत, आजपर्यंत आलेले नाहीत.

बँकेचा हप्ता कुणासाठी थांबत नाही. पगार आधी अर्धे झाले, मग दोन भागांत देऊ लागलो. एएएस विकत घ्यायला एक गृहस्थ आलेही. लोखंड, मँगनीज, शिसं, प्रत्येकाचा वेगळा लॅम्प, सगळे जपून ठेवलेले, यंत्र अगदी नव्यासारखं. त्यांनी दर सांगितला. मी गप्प बसले. मास्तर म्हणाले, ‘‘गाडी वीक. यंत्र गेलं तर उद्या तू नुसती पाण्याची पीएच बघणार काय?’’ गाडी विकली. त्यानंतर कितीतरी दिवस आमची मुलं कदंबच्या बसने नमुने आणायची. मासळीच्या बर्फाचा चुरा आइसबॉक्समध्ये भरायचा, बॉक्स मांडीवर, कॉलिफॉर्मच्या (मैल्यातल्या जिवाणूंच्या तपासणीच्या) निर्जंतुक बाटल्या वर, धातूंसाठी नायट्रिक ॲसिड घातलेल्या वेगळ्या पिशवीत. कंडक्टर विचारायचा, ‘‘मासे कुठले गे?’’ बॉक्सचं तापमान मात्र चढताना एकदा आणि उतरताना एकदा वहीत लिहिलं जायचं. त्या वह्या अजून आहेत.

नेमक्या त्याच काळात आमच्यापासून फार लांब नाही अशा जागी एक दुसरी लॅब निघाली. नाव घेत नाही. दर आमच्या निम्मे. रंगीत लेटरहेड, चकचकीत फोल्डर. आमच्याकडची हॉटेलं, लहान कारखाने, बांधकामवाले, एकामागून एक तिकडे वळले. आमचा हुशार केमिस्टही त्यांनी नेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याच्या घरी लहान मूल होतं आणि आम्ही त्याला पूर्ण पगार देऊ शकत नव्हतो. राग आहे तो त्यांच्या कामावर, आणि तो अजून गेलेला नाही.

एका हॉटेलचा अहवाल माझ्या हातात आला. सोमवारी नमुना घेतला, मंगळवारी अहवालावर सही, आणि त्यात बीओडी २२. आयएस ३०२५ या भारतीय मानकाच्या भाग ४४ प्रमाणे बीओडी तीन दिवसांची, २७ अंशांना, अंधारात. सोमवारी लावलेली बाटली गुरुवारी उघडते. मंगळवारी २२ हा आकडा आला कुठून? शिवाय त्या सांडपाण्याला क्लोरीन मारलेलं होतं. क्लोरीन काढून टाकून, सीड (जिवंत जिवाणूंचं विरजण) घालून बीओडी लावली नाही तर बाटलीत जिवाणूच उरत नाहीत. मग ऑक्सिजन कोण खाणार? आकडा सुंदरच येणार.

सीओडीचंही तेच. तिथे जिवाणूंऐवजी डायक्रोमेट हे रसायन घाण जाळतं, आणि त्याच्या मदतीला सिल्व्हर सल्फेट लागतं. ते महाग, चांदीच ती. नवीन माणसाला वाटतं ते वगळलं तर काय बिघडलं. बिघडतं असं की ॲसिटिक ॲसिडसारखे पदार्थ डायक्रोमेटला दाद देत नाहीत आणि सीओडी कमी दिसते. पार्टी खूश, लॅबची बचत. पाऱ्याचा क्षार वापरला नाही तर क्लोराइड डायक्रोमेट खातं आणि आकडा उलट फुगतो. आमच्या मांडवी-झुआरीच्या मुखाजवळच्या पाण्यात क्लोराइड हजारांत असतं, तिथे पारा घालूनही लिटरला २००० मिलिग्रॅमच्या वर नेहमीची पद्धत चालत नाही, पाणी पातळ करून मगच रिफ्लक्सला (उकळायला) लावावं लागतं. आणि एवढं करून झाल्यावर तो पाऱ्याचा कचरा वेगळ्या कॅनमध्ये साठवायचा, अधिकृत ठिकाणी पैसे भरून द्यायचा. स्वस्त लॅबमध्ये हे सगळं कुठे जातं ते सिंकच्या नळीला विचारा.

गाळाच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. खाणीचं तांबडं पाणी बाटलीत दहा मिनिटं उभं राहिलं की वर निवळ होतं. वरचं पाणी घेतलं तर टीएसएस (तरंगणारा गाळ) चाळीस, हलवून घेतलं तर तीनशे. फिल्टर चिखलाने गच्च होतो, व्हॅक्यूम पंप कण्हतो, एका नमुन्याला तास जातो. पण मर्यादा १०० आहे आणि खाली कुणाचं तरी भाताचं शेत आहे.

अशा वेळी आम्हाला उभं ठेवलं ते दक्षिण गोव्यातल्या मासळी प्रक्रियेच्या एका कारखानदारांनी. सगळे त्यांना भाई म्हणतात, मीही म्हणते. त्यांच्याकडेही निम्म्या दराचं कोटेशन गेलं होतं. त्यांनी कुणाला काही न सांगता ईटीपीच्या (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेच्या) आउटलेटचं पाणी एकाच बादलीतून चार कॅनमध्ये भरलं. दोन आम्हाला, दोन तिकडे. कॅनवर नावं वेगवेगळी, जणू दोन निराळ्या टाक्या. आमची सीओडी आली २१२ आणि २१८. त्यांची ९६ आणि १६४. बीओडी आमच्याकडे दोन्हीत ४० च्या वर, म्हणजे ३० च्या मर्यादेबाहेर. त्यांच्याकडे दोन्ही पास.

भाई चारही कागद घेऊन कुंडईला आले, बॅलन्सच्या खोलीबाहेर स्टुलावर बसले. मला वाटलं, आता तेही जाणार. माझा अहवाल त्यांना नापास करत होता आणि निम्म्या दरात पास होण्याची सोय हातात होती. ते म्हणाले, ‘‘बाय, ह्या चांगल्या आकड्यांचं मी काय करू? तुझ्या कागदावरून मला कळलं की माझा एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) ओढत नाही. काल उघडून बघितला, बेल्ट सैल होता.’’ मग त्यांनी चेकबुक काढलं आणि पूर्ण वर्षाच्या तपासणीचे पैसे आगाऊ लिहिले. मी पावती लिहिताना मास्तर आत निघून गेले, त्यांना भरून आलं होतं. त्या चेकमधून आधी सिल्व्हर सल्फेट आलं, मग बँकेचे थकलेले हप्ते गेले.

आणि भाई तिथेच थांबले नाहीत. त्यांनी त्यांच्या ओळखीच्या कारखानदारांना तीच युक्ती शिकवली : एक पाणी, दोन नावं. मी आजही प्रत्येक गिऱ्हाइकाला हेच सांगते. आमच्यावरही करून बघा, बिनधास्त करा. अहवाल घेताना नुसता आकडा बघू नका. नमुना कधी आला, बाटली कधी लावली, कधी वाचली, त्या बॅचचा ब्लँक किती, डुप्लिकेट किती, ते मागा. जी लॅब कच्ची नोंद दाखवायला कां-कू करते तिथून उठून या. कॉलिफॉर्मची बाटली काठोकाठ भरू नका, हलवायला जागा ठेवा. निर्जंतुक बाटली नमुन्याच्या पाण्याने विसळू नका, आत थायोसल्फेट असतं ते धुऊन जातं. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी टाकीत दुप्पट क्लोरीन ओतून आमच्याकडे येऊ नका. आम्हाला ते कळतं.

पुढची वर्षं सरळ गेली. २०१४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने बंदी उठवली, काही खाणी हळूहळू सुरू झाल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत खाणींच्या लीज रद्द झाल्या तेव्हा आमच्याकडे निम्म्याहून जास्त काम कारखाने, हॉटेलं आणि इस्पितळांचं होतं, त्यामुळे त्या खेपेला गाडी विकावी लागली नाही. प्रयोगशाळांच्या १७०२५ या मानकाची मान्यता आहे, प्रोफिशिएन्सी टेस्टिंगमध्ये (अनेक लॅबना एकच नमुना देऊन घेतलेल्या तुलनेत) मँगनीजचा झेड स्कोर, म्हणजे खऱ्या आकड्यापासूनचं अंतर, १ च्या आत येतो. सोडून गेलेला तो केमिस्ट परत आला आणि आता बीओडी विभाग तोच सांभाळतो. मास्तर वयाने थकले, पण महिन्यातून एकदा येऊन सगळे कंट्रोल चार्ट पाहतात आणि सात बिंदू सलग एका बाजूला दिसले की अजूनही आवाज चढवतात.

ती दुसरी लॅब आजही चालू आहे. त्यांच्या अहवालावरची बीओडी आता तीन दिवसांनी येते, एवढा बदल झाला आहे. आत बाटली लावतात की नाही ते मला माहीत नाही, पण त्यांचे दर बघून मी सिल्व्हर सल्फेटचा हिशेब मांडते आणि तो बसत नाही. लोक मला म्हणतात, बाई, सोडून द्या आता. का सोडू? त्या खोट्या पास अहवालांच्या पाण्याखाली कुणाची विहीर आहे, कुणाची मानस (खाडीच्या बांधावरचं पाण्याचं दार) आहे, तिथली खेकडी आणि शेवटं मासे कुणाच्या ताटात जातात.

नमुने देणाऱ्यांसाठी : बीओडी आणि कॉलिफॉर्मचे नमुने सकाळी अकराच्या आत पोहोचवा, बर्फात. गुरुवारी आलेली बीओडी रविवारी वाचावी लागते, त्यासाठी रविवारी एक केमिस्ट येतो, त्याचा वेगळा आकार नाही. लांबून आणायचं असेल तर आधी फोन करा, बाटल्या आम्ही देतो. चवथीच्या दिवसांत हे दोन नमुने घेत नाही, धातूंचे घेतो, ते ॲसिडमध्ये थांबतात.