तुम्ही विचारलंत म्हणून: सायकॉलॉजी का घेतलं

अ‍ॅडमिशनचे दिवस आले की फोन सुरू होतात, बारावी सायन्सला चांगले मार्क असून तुम्ही आर्ट्सला जाऊन सायकॉलॉजी का घेतलंत, आमच्या मुलीला घेऊ द्यावं का. मी "आवड होती" म्हणते आणि विषय संपवते. आवड होतीच, पण बीएनंतर मी ते सोडणार होते, आणि सोडलं नाही ते आत्यामुळे.

आमची आत्या नळ बंद करायच्या आधी नळ धुवायची, मग हात, मग हात नळाला लागला म्हणून परत नळ. ओठातल्या ओठात तांबे मोजायची, मधेच कुणी हाक मारली की पुन्हा पहिल्यापासून. थंडीत बोटांच्या पेरांवर चिरा पडायच्या, त्यात हळद-तेल भरायची आणि तासाभरात तेही धुऊन टाकायची. घरात सगळे म्हणायचे, आत्याचं सोवळं फार कडक. मीही म्हणायचे.

टीवायला अ‍ॅबनॉर्मल सायकॉलॉजीचा पेपर होता, त्यात ओसीडी आलं, म्हणजे नको ते विचार मनात येत राहतात आणि तीच ती कृती पुन्हा पुन्हा करावी लागते तो आजार, आणि मला पानापानावर आमची मोरी दिसायला लागली. त्या दिवाळीत पंगत बसलेली, आत्या वाढत होती, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, आत्या, हे सोवळं नाही गं, आजार आहे. काका हसले. आत्याने भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि मोरीत गेली. आमची जेवणं झाली, ताटं उचलली, तरी पाण्याचा आवाज येतच होता. पुढच्या दिवाळीला ती आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही.

मी चूक नव्हते हो. नाव बरोबर होतं, उपायही पाठ होता, ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि धुणं थोपवायचं, १९६६ मध्ये व्हिक्टर मेयर यांनी मांडलेला. परीक्षेत त्यावर मार्कही मिळाले. पण मोजताना मधेच थांबलीस तर काय होईल असं तुला वाटतं, हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं.

एमएला केस हिस्टरी लिहायला शिकले, तिथे आधी पेशंटच्याच शब्दांत तक्रार लिहायची, निदान अगदी शेवटी. त्या दिवशी वर्गात मला रडू आलं.

तेव्हाची मी म्हणेल, मग काय गप्प बसायचं होतं? सगळे वीस वर्षं गप्पच तर होते. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

मुलीला सांगा, मनातलं ओळखायला शिकवत नाहीत. स्टॅटिस्टिक्स आहे, टी-टेस्ट आहे, आरशात बघून चांदणी काढायला लावून चुका मोजायचं प्रॅक्टिकल आहे. नुसत्या एमएवर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घेता येत नाही, त्याला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठीचा कोर्स वेगळा. हे सगळं माहीत असूनही घ्यायचं असेल तर अडवू नका.

आत्याला तो प्रश्न मी अजून विचारलेला नाही. फोन करते, ती पावसाचं बोलते, गुडघ्यांचं बोलते, मागे नळ चालू असतो.