रात्री कपाळावर जाणारा हात

बाबांच्या केमोची दुसरी सायकल झाली तेव्हा मी रात्रीतून अकरा-अकरा वेळा उठत होते. दर 21 दिवसांनी केमो. मधल्या काळात पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा साधा तापही जिवावर बेतू शकतो, हे डॉक्टरांनी समजावलं होतं. 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट दिसलं की वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. तो आकडा माझ्या डोक्यातून हलेना. जाग आली की हात बाबांच्या कपाळावर.

एका रात्री ते म्हणाले, "अगं, झोपू दे मला." आणि मी त्यांच्यावर ओरडले. एवढ्या आजारी माणसावर.

पुढच्या केमोच्या वेळी वॉर्डातल्या सिस्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची झोप होते का?" त्यांनीच समुपदेशकांकडे पाठवलं. आजार बाबांना आणि थेरपी मला, हे तेव्हा पटलं नव्हतं.

पहिल्या भेटीत 22 प्रश्नांची एक प्रश्नावली भरायची होती. ती मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन झारिट यांची, मुळात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना सांभाळणाऱ्यांवरचा ताण मोजायला केलेली; आता कॅन्सरमध्येही वापरतात. प्रत्येक उत्तराला 0 ते 4 गुण. त्यात रुग्णाचा राग येतो का, असाही प्रश्न होता. मी आधी 0 वर खूण केली, मग खोडली. हा प्रश्न छापलेला आहे, म्हणजे असा राग इतरांनाही येत असणार, एवढ्यानेच बरं वाटलं.

थेरपी म्हणजे मन मोकळं करणं, अशी माझी समजूत होती. मॅडमनी मात्र वही करायला सांगितली: काय झालं, मनात काय आलं, मी काय केलं. तिसऱ्या आठवड्यात मधल्या रकान्यात एकच वाक्य पुन्हा पुन्हा दिसायला लागलं. मी झोपले तर ताप कळणार नाही आणि बाबा माझ्यामुळे जातील. ते मोठ्याने वाचताना माझा आवाज फुटेना.

मॅडमनी ते खोडून काढलं नाही. "ताप कधी बघायचा, हे डॉक्टरांनाच विचारून या," म्हणाल्या. डॉक्टरांनी बाबांच्या तब्येतीप्रमाणे वेळा ठरवून दिल्या. शिवाय थंडी वाजली किंवा बरं वाटेनासं झालं तर लगेच, आणि हाताने नाही, थर्मामीटरने. पहिल्या रात्री न उठता पडून राहणं फार जड गेलं. श्वास घ्यायला लागेल त्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्यायचा, हे शिकवलेलं करत राहिले. जीव कासावीस झाला, तसाच हळूहळू शांतही झाला. नुसत्या श्वासाने मला कधी फरक पडला नव्हता. ठरलेल्या वेळा हाताशी होत्या म्हणून पडला.

दादाला मी नुसतं "मदत कर" म्हणायचे. आता रक्ताचे रिपोर्ट आणणं त्याचं काम झालं, आणि तो ते करतो.

स्कॅनच्या आधीच्या आठवड्यात सगळं पुन्हा उसळलं. मॅडम म्हणाल्या, "ही भीती चुकीची नाही, हिला दुरुस्त करायचं नाही. बाबांना सांगितलंत का?" नव्हतं सांगितलं. त्या संध्याकाळी सांगितलं, मला भीती वाटते म्हणून.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटत होतं, तू माझ्यावर रागावली आहेस."