टेलेमॅकसच्या वाटेने: इथाका, पिलोस, स्पार्टा

होमरच्या ‘ओडिसी’ या प्राचीन ग्रीक महाकाव्याच्या चोवीस सर्गांपैकी पहिल्या चारांत नायक ओडिसियस जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो त्याचा विशीतला मुलगा टेलेमॅकस. घरात आईला मागणी घालणारे १०८ जण ठाण मांडून बापाच्या जिवावर खाताहेत आणि हा कोपऱ्यात बसून बाप परत येण्याची स्वप्नं बघतोय. तिथून त्याला उठवून देवी अथीना बापाची खबर काढायला प्रवासाला धाडते. इथाका, पिलोस, फेराय, स्पार्टा आणि परत, हा त्याचा मार्ग आजही बराचसा धरता येतो. मी तो गाडी आणि फेरीबोट मिळून केला. चार-पाच दिवस हाताशी ठेवा, त्याहून कमी वेळात निव्वळ धावपळ होते.

सुरुवात इथाकी (इथाकेचं आजचं नाव) बेटाच्या उत्तरेला, स्तावरोस गावातून. खाली ‘पोलिस’ नावाचं बंदर आहे. तिथल्या गुहेत ब्राँझच्या तिवया सापडल्या आणि ‘ओडिसियसला नवस’ अशा अर्थाची अक्षरं असलेली एक खापरीही. खापरी होमरनंतर कित्येक शतकांनी कोरलेली आहे. त्यावरून इथे ओडिसियसची पूजा होत होती एवढं कळतं, तो इथे राहत होता असं नाही. गावातलं संग्रहालय एका खोलीचं आहे, पण चुकवू नका. हीच होमरची इथाका का, यावरही वाद आहेच. कुणी शेजारचं लेफ्कादा बेट म्हणतं, कुणी केफालोनिया बेटाचा पश्चिम भाग.

प्रवासाची तयारी होमर वाण्याच्या यादीसारखी सांगतो: दोन कानांचे बारा रांजण भरून द्राक्षारस. नीट शिवलेल्या कातडी पिशव्यांत जवाचं पीठ, वीस मापं. नोएमोनकडून उसनं घेतलेलं जहाज आणि वीस वल्हेकरी. दाई युरिक्लियाला शपथ, की अकरा-बारा दिवस आईला कळू द्यायचं नाही. त्याच दिवशी सकाळी भरसभेत हाच मुलगा राजदंड जमिनीवर आपटून रडला होता. सभेत भाषण करताना फसला, सामानाची बांधाबांध मात्र चोख केली.

आता सरळ पिलोसला जाणारं जहाज नाही. पिसाएतोसहून केफालोनियाच्या सामीला साधारण अर्धा तास, तिथून रस्त्याने पोरोस, पोरोसहून मुख्य भूमीवरच्या किलिनीला दीड तासाच्या आसपास. हंगाम संपला की फेऱ्या घटतात आणि वारा सुटला की रद्दही होतात. त्यामुळे दोन बोटींची वेळ एकमेकींना अगदी चिकटवून ठरवू नका. भाड्याची गाडी बोटीवर चढवायची असेल तर कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या. बऱ्याच करारांत बोटीवरच्या नुकसानीला विमा लागू होत नाही. वाटेत इथाका आणि केफालोनियाच्या मधे दास्कालिओ नावाचा खडक आहे. मागणीवाले टेलेमॅकसला मारायला दबा धरून बसले ते आस्टेरिस हेच, असं म्हणतात. होमरच्या आस्टेरिसला दुहेरी बंदर आहे. या खडकावर होडी लावायचीही पंचाईत.

किलिनीहून पिर्गोस, किपारिसिया करत खाली दीडशे-एक किलोमीटर. टेलेमॅकस हे सगळं अंतर समुद्रातून एका रात्रीत कापतो, अथीनेने धाडलेल्या पश्चिम वाऱ्यावर. एवढं अंतर वल्ह्या-शिडाच्या जहाजाला एका रात्रीत जड जातं. प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने होमरचं पिलोस आणखी उत्तरेला, त्रिफिलियात ठेवलं. तसं धरलं तर समुद्राचा हिशेब सोपा होतो. पण मग रथाने एका दिवसात फेराय गाठायचं कसं? फेराय म्हणजे आजचं कालामाता धरलं, तर दक्षिणेच्या पिलोसपासून ते पन्नासेक किलोमीटर, म्हणजे रथाला दिवसभराची वाट. मला दक्षिणेचंच पटतं.

वोइदोकिलियाच्या गोल वाळूवर सकाळी लवकर जा, नंतर गर्दी होते. अशाच किनाऱ्यावर पिलोसकर समुद्रदेव पोसायडनला काळे बैल चढवत होते: नऊ गट, प्रत्येकात पाचशे माणसं आणि नऊ बैल. जहाजातून उतरताना टेलेमॅकसचे पाय अडतात. वडीलधाऱ्याशी बोलायचं कसं, मला सवय नाही, असं तो बापाचा जुना मित्र मेंटॉर याच्या रूपात सोबत आलेल्या अथीनेला म्हणतो. पुढे येतो पिलोसचा राजा नेस्टर याचा मुलगा पायसिस्ट्रॅटस. तो सोन्याचा पेला आधी मेंटॉरला देतो, कारण तो वयाने मोठा, आणि मग टेलेमॅकसला. याच्याच वयाचा हा मुलगा रीत कशी पाळायची ते न शिकवता दाखवून जातो. पुढच्या प्रवासाला सोबत म्हणून होमरने त्यालाच निवडलं, हे मला फार नेमकं वाटतं.

नेस्टरचा म्हणून ओळखला जाणारा राजवाडा आतल्या बाजूला आनो एंग्लियानोसच्या टेकडीवर आहे. १९३९ साली अमेरिकन पुरातत्त्वज्ञ ब्लेगेनने इथे खणायला घेतलं आणि पहिल्याच दिवशी लिनिअर बी या प्राचीन ग्रीक लिपीतल्या मातीच्या पाट्या हाती लागल्या. अवशेषांवर आता छत आहे आणि उंच पुलांवरून खाली बघायचं, त्यामुळे दुपारीही त्रास होत नाही. मधल्या दालनातली गोल चूल सुमारे चार मीटर व्यासाची. जवळच्या खोलीत भाजलेल्या मातीची न्हाणी अजून जागच्या जागी आहे. नेस्टरची धाकटी मुलगी पोलिकास्टी टेलेमॅकसला न्हाऊ घालते ती हीच, असं कुणी सांगेल. ऐकून घ्या. राजवाडा इ.स.पू. ११८०च्या सुमारास जळला आणि काव्य आकाराला आलं ते त्यानंतर चारेक शतकांनी. इथल्या वस्तू चार किलोमीटरवर होराच्या संग्रहालयात आहेत, दोन्ही एकाच दिवशी होतात.

कालामाताहून स्पार्टाला जाणारा लांगादा घाट साठेक किलोमीटरचा, पण दीड तास धरा. रस्ता तायगेतोस पर्वत ओलांडतो. वळणं आवळ, काही ठिकाणी खडक डोक्यावर झुकलेला. पावसानंतर दगड येतात, हिवाळ्यात बर्फ. अंधारात जाऊ नका आणि पेट्रोल कालामातातच भरा. इथून दोन घोड्यांचा रथ कसा गेला असेल, याचं उत्तर होमर देत नाही. त्याने तायगेतोसचं नावही न घेता पोरांना गव्हाच्या शेतांतून स्पार्टात पोचवलं आहे.

मेनेलाइऑन स्पार्टाच्या आग्नेयेला, एव्रोतास नदीच्या पलीकडच्या टेकडीवर. सावली नाही, पाणी सोबत न्या. स्पार्टाचा राजा मेनेलॉस आणि त्याची राणी हेलन यांच्या देवस्थानाचा चौथरा आहे, शेजारी मायसिनियन म्हणजे ब्राँझयुगातल्या ग्रीक काळातल्या वाड्याचे पाये. अवशेष थोडे, पण समोर तायगेतोसची आख्खी भिंत.

स्पार्टातला टेलेमॅकस वेगळाच आहे. वैभव बघून आधी दिपतो खरा, पण मेनेलॉस तीन घोडे आणि रथ देऊ करतो तेव्हा नको म्हणतो. आमच्या इथाकेत ना मैदान ना कुरण, ती शेळ्यांची भूमी. मेनेलॉस हसतो आणि चांदीचं, सोन्याच्या काठाचं पात्र देतो. किनाऱ्यावर तोंड न उघडणारा मुलगा राजाची भेट त्याला न दुखवता परत करतो. परतीच्या वाटेवर तर पायसिस्ट्रॅटसला गळ घालतो, की मला परस्पर जहाजावर सोड, तुझे वडील प्रेमापोटी अडकवून ठेवतील. म्हाताऱ्याचा पाहुणचार चुकवायलाही अक्कल लागते.

इथाकेला आल्यावर तो जहाज शहराकडे पाठवतो आणि स्वतः आधीच उतरून डुकरं राखणाऱ्या युमायोसच्या गोठ्याकडे चालत जातो. ती जागा बेटाच्या दक्षिणेला माराथियाच्या पठारावर दाखवतात. वाथीहून दक्षिणेच्या रस्त्याने गेलं की अरेथुसाच्या झऱ्याकडे उतरणारी पायवाट लागते. सुट्या खडीवरून पाय घसरतात, चपला घालून जाऊ नका. उन्हाळ्यात झऱ्याला पाणी असेलच असं धरून चालू नका, आणि परतीचा सगळा चढ उन्हात पडतो.