भोक असलेलं हाड आणि टोकं नसलेलं हाड

पोलिसांकडून आलेल्या खोक्यात दंडाच्या हाडाचे दोन तुकडे होते. सोबतच्या पत्रात मोठ्यापुढे ‘मानवी असावे’ आणि लहानापुढे ‘प्राण्याचे, टोके कुरतडलेली’ असा शेरा होता.

आधी मऊ, कोरड्या ब्रशने माती काढली आणि ती वेगळ्या पुडीत बांधली. असं हाड नळाखाली धरू नये. मातीत अडकलेलं बारीकसारीक सगळं वाहून जातं, वर ओलं हाड घाईने वाळवलं की तडकतं. मग मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी आणि दोन्ही टोकांवरून फोटो घेतले.

मोठा तुकडा म्हणजे हाडाचा खालचा अर्धा भाग. कोपराच्या सांध्याच्या जरा वर आरपार भोक. बहुधा त्यावरूनच ‘मानवी’ लिहिलं गेलं, कारण काही माणसांत कोपरामागच्या खळग्याच्या पातळ भिंतीला खरोखरच आरपार भोक असतं. पण कुत्र्यात हे भोक जवळपास नेहमीच सापडतं आणि त्यातून काहीही जात नाही. मांजराचं भोक वेगळं, आतल्या कडेला, तिरपं. त्यातून धमनी आणि मज्जातंतू जातात. तेव्हा नुसत्या भोकावर मत देता येत नाही, सांध्याचा पृष्ठभाग बघावा लागतो. माणसात बाहेरच्या बाजूला गोटीसारखा गोल उंचवटा असतो. त्यावर हाताचं बाहेरचं हाड फिरतं, म्हणून आपल्याला तळवा उलटसुलट करता येतो. इथे ती गोटी नव्हतीच. एकच अरुंद कप्पी होती, अंगाचा भार पेलणाऱ्या पायाची. खालच्या टोकाची रुंदी 3.4 सेंटीमीटर भरली. प्रौढ माणसात ती साडेपाच-सहाच्या घरात असते. लहान मुलाचं म्हणावं, तर टोक मुख्य हाडाशी पूर्ण जुळलेलं, सांधरेषाही शिल्लक नाही. माणसात हे किशोरवयात घडतं. हाड पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचं होतं.

लहान तुकडा भिंगाखाली धरला आणि हात थांबला.

कुरतडलेल्या टोकाला दातांचे खड्डे आणि आडवे ओरखडे असतात, कडा वेड्यावाकड्या होतात, आतली पोकळी उघडी पडते. इथे दोन्ही टोकं बंद होती. पृष्ठभाग खडबडीत, हलके चढउतार असलेला, बारीक छिद्रांनी भरलेला. वाढीची कूर्चा जिथे बसते ती ही जागा. टोकं कुणी खाल्ली नव्हती, ती अजून जुळलीच नव्हती. खालचा भाग पुढून-मागून चपटा, बाहेरच्यापेक्षा आतल्या बाजूला जास्त पसरलेला, मागे उथळ खळगा. रक्तवाहिनीचं छिद्र कोपराकडे तिरपं उतरत होतं. टोकांशिवाय लांबी 13 सेंटीमीटर.

माणसाचंच. दोन वर्षांच्या आसपासचं मूल.

लेखी अहवालाची वाट न पाहता तपास अधिकाऱ्यांना फोन केला. ती जागा कुणालाही तुडवू देऊ नका आणि तिथली माती बारीक जाळीच्या चाळणीतून काढा, असं सांगितलं. या वयात हाडाच्या टोकांत नुकते धरलेले हाडाचे गोळे काही मिलिमीटरचे असतात, आणि मातीत ते हुबेहूब खड्यासारखे दिसतात.